चार बोटं बाहेर

मूर्तिजापुरात घड्याळ बंद पडलं तर लोक दुरुस्तीच्या दुकानात जातात. घड्याळ बरोबर चाललंय की नाही अशी शंका आली तर मात्र खुशालरावांकडे येतात. शाळेतून पी.टी.चे सर म्हणून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली, पण गळ्यातलं स्टॉपवॉच काही निवृत्त झालं नाही. लाल दोरी आणि तिला काळं घड्याळ. लग्नाला गेले तरी ते सदऱ्याच्या आत असतंच. "मंगलाष्टकं चालू झाले का यायचा हात छातीवर जाते," असं मनकर्णाबाई आल्यागेल्याला सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही.

गावात त्यांचा मान होता तो मात्र नुसत्या घड्याळामुळे नव्हे. स्टेशनसमोर नत्थुजींचं चहाचं दुकान आहे. दर हिवाळ्यात राज्य अजिंक्यपद स्पर्धा जवळ आली की नत्थुजी फळीवरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढतात. ज्याला वाटेल त्याने पंधराशे मीटरच्या शर्यतीतल्या पहिल्या तिघांची नावं क्रमाने चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायची. शर्यत झाल्यावर सगळ्यांसमोर डबा उघडायचा. ज्याचं बरोबर येईल त्याला वर्षभर भट्टीजवळच्या हातांच्या खुर्चीवर बसायचा हक्क. दुकानात बाकी सगळी बाकडी, खुर्ची ती एकच. गेली सोळा वर्षं त्या खुर्चीवर खुशालराव बसत होते.

"पंधराशेच काहून सर?" असं कुणी नव्यानं विचारलं की ते खुशीत यायचे. "शंभर मीटर म्हंजे फटाका. लागला त लागला. दहा हजार म्हंजे नांगरटी. पंधराशेत मानूस दिसते बावा." मग ते जिल्ह्याजिल्ह्यांतल्या धावपटूंच्या वेळा तोंडपाठ म्हणून दाखवायचे, आणि ऐकणाऱ्याचा चहा थंड होऊन जायचा.

यंदा स्पर्धा अमरावतीला होती, आणि यंदा पहिल्यांदाच त्यांची स्वतःची पोर त्यात उतरली होती. स्वतःची म्हणजे शिकवलेली. प्रणाली ही सहा किलोमीटरवरच्या खेड्यातल्या रामरावांची मुलगी. पहाटे सायकलवर यायची, खुशालरावांनी चोवीस वर्षांपूर्वी गावाबाहेर आखलेल्या मैदानावर फेऱ्या मारायची आणि पुन्हा सायकलवर कॉलेजला जायची. पंधराशे म्हणजे पावणेचार फेऱ्या. तिची सगळ्यात चांगली वेळ होती चार मिनिटं बावन्न सेकंद. नागपूरची इशिता चार चव्वेचाळीसमध्ये धावत होती, नाशिकची आकांक्षा चार पंचेचाळीसमध्ये. बाकीच्या पंचावन्नच्या पुढे.

खुशालरावांनी चिठ्ठी लिहिली: इशिता, आकांक्षा, प्रणाली. सवयीप्रमाणे एक डब्यात टाकली आणि एक नक्कल खिशात ठेवली. प्रणालीलाही त्यांनी तेच समजावलं. पुढच्या दोघींच्या नादी लागायचं नाही, त्यांना जाऊ द्यायचं, आपला तिसरा नंबर सांभाळायचा.

"पण सर, पह्यल्या दोघीच राष्ट्रीयले जातात ना?" ती म्हणाली.

"हो."

"मंग तिसरी काहून?"

"त्यायच्यामागं गेली त शेवटच्या फेरीत तुया दम उखडन अन् सातवी येशीन. तिसरीले पदक हाय. घड्याळ सांगून राह्यलं म्हून सांगतो."

प्रणालीने मान हलवली. सरांच्या घड्याळापुढे मूर्तिजापुरात कुणी बोलत नसे, तर ती काय बोलणार?

शनिवारी सकाळी अमरावतीला प्राथमिक फेरी झाली; अंतिम शर्यत रविवारी होती. खुशालराव कुंपणापाशी घड्याळ धरून उभे होते. प्रणाली दोन मुलींच्या मागे मजेत धावली, शेवटी थोडी पुढे सरकली आणि पहिली आली. खुशालरावांनी बटण दाबलं, घड्याळ पाहिलं, डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. चार पन्नास. आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ, आणि पोरगी समोर उभी राहून फुटाणे खात होती.

"दम लागला?" त्यांनी विचारलं.

"सर, मी त अजून धावलीच नाई," प्रणाली म्हणाली.

खुशालराव तडक पंचांच्या टेबलापाशी गेले. तिथल्या यंत्रावरही चार पन्नासच. म्हणजे घड्याळ खरं होतं. पोरगीही खरी होती, ती तर डोळ्यांसमोर होती. मग खोटं काय? दुपारच्या गाडीने मूर्तिजापूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत हाच विचार करत होते. बाहेर तुरीची शेतं कापणीला आलेली, काळ्या जमिनीला बारीक भेगा पडायला लागलेल्या. त्या भेगा पाहता पाहता त्यांना एकदम मैदानाच्या कडेच्या खुंट्या आठवल्या.

स्टेशनवरून ते घरी न जाता अमोलच्या दुकानात गेले. अमोल पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, तांब्याच्या तारा गुंडाळत दिवसभर बसलेला असतो. सहा वर्षांपूर्वी तोही त्यांच्या मैदानावर आठशे मीटर धावायचा. दोन मिनिटांच्या आत आल्याशिवाय कुणाला निवड चाचणीला पाठवायचं नाही, असा खुशालरावांचा दंडक होता. अमोल दोन मिनिटं दोन सेकंदांपर्यंत आला, पुन्हा आला, तिसऱ्यांदा आला; त्याच्या आत मात्र कधी आला नाही. "घड्याळ खोटं बोलत नाई बेटा," असं खुशालरावांनी त्याला प्रेमानेच सांगितलं होतं. त्याने बूट खुंटीला टांगले आणि दुकान टाकलं. सरांवर त्याने कधी राग धरला नाही.

"अमोल, तीस मीटरचा टेप भेटन का कोठी?" खुशालरावांनी विचारलं.

"प्लॉटवाल्याकडं हाय. कायले सर?"

"मैदान मोजाचं हाय."

ऊन कलायच्या आत दोघं मैदानावर पोचले. बाभळीच्या खुंट्यांच्या कडेने त्यांनी टेप धरायला सुरुवात केली. चारशे मीटरची फेरी म्हणजे तेरा टेप आणि वर दहा मीटर. तेरा टेप झाले. मग अमोल टेपचं टोक घेऊन सुरुवातीच्या खुंटीपाशी गेला, वाकून आकडा पाहिला आणि टेप ताणून पुन्हा पाहिला.

"किती?"

"बावीस."

"फिरून मोज."

पुन्हा बावीस. तिसऱ्यांदा खुशालरावांनी स्वतः टोक धरलं, तेव्हाही बावीसच. फेरी चारशेची नव्हती, चारशे बाराची होती.

चूक कुणी केली हे शोधायला कुठे जायची गरज नव्हती. काळी जमीन पावसात फुगते आणि हिवाळ्यात फाटते. दरवर्षी दिवाळीनंतर जुन्या खुंट्या डुगडुगायच्या, त्यांच्या जागी नव्या ठोकाव्या लागायच्या. आतल्या बाजूला क्रिकेटवाल्या पोरांची हद्द. म्हणून खुशालराव दरवर्षी पोरांना सांगायचे, भेगेत ठोकू नका रे, चार बोटं बाहेर ठोका. दर वर्षाची चार बोटं, अशी चोवीस वर्षं. सेकंदाचा दहावा भाग सोडला नाही त्या माणसाने, पण पायाखालची जमीन एकदा आखल्यावर पुन्हा मोजली नव्हती.

"तीन वर्षं त मीच ठोकल्या होत्या सर," अमोल टेप गुंडाळत म्हणाला.

संध्याकाळी प्रणालीचा फोन आला; ती संघाबरोबर अमरावतीलाच मुक्कामाला होती. संघाच्या बाईंनी मुलींना पाच-पाच मिनिटं बोलायला दिली होती. "सर, उद्या तिसरीसाठीच धावाचं ना? का जाऊ पुढं?" तिने विचारलं.

खुशालरावांच्या ओठावर आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, मैदान लांब आहे, तू वाटतेस त्यापेक्षा आठ सेकंदांनी वेगवान आहेस. पण त्या एका वाक्यामागे सोळा वर्षांची खुर्ची होती. आणि मैदान खोटं निघालं, तर त्या मैदानावरून ज्यांना ज्यांना त्यांनी "तुझं होणार नाही" म्हणून परत पाठवलं, ती सगळी पोरं एका रांगेत समोर येऊन उभी राहिली असती. "ठरलं तसंच धाव. झोप आता," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मनकर्णाबाई भाकरी थापत होत्या. मागे वळून न बघता त्या म्हणाल्या, "मैदान मोजलं म्हने."

"हो. लांब निंगालं."

"पोरीले सांगतलं?"

"नाई."

"मंग मले कायले सांगता? मी का उद्या धावून राह्यली?"

खुशालराव ताटावरून तसेच उठले. इतकी वर्षं पोरांना खरं सांगतो म्हणून ते ताठ मानेने फिरले होते, आणि आज एक वाक्य त्यांच्याने बोलवलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. सकाळी सहाला त्यांनी तोच फोन लावला तर तो बंद. दारात येऊन पाहतात तो अमोल मोटारसायकल घेऊन उभा.

"बसा. आठले शर्यत हाय," अमोल म्हणाला. त्याला कुणी बोलावलं होतं हे मनकर्णाबाईंनाच ठाऊक.

माना गाव मागे पडलं. थंड वारं कानात शिरत होतं. मग ते अमोलच्या खांद्यावरून पुढे झुकून म्हणाले, "अमोल, तुया वक्ती फेरीले नऊ मीटर जास्त असन. तू आठशे नाई, आठशे अठरा धावत होता. तुयी खरी वेळ एक मिनिट एकोणसाठ होती."

अमोलने गाडी हळू केली नाही. "मले माहीत हाय सर. काल दुकानात जाऊन कॅलक्युलेटरवर काढली."

"मंग बोलला काहून नाई?"

"आज तिचं हाय ना."

"मले माफ कर बेटा. मीच तुले अडोलं."

"घट्ट बसा सर, पुढं गड्डे हायेत," अमोल म्हणाला.

बडनेऱ्याला एक ट्रक आडवा पडला होता, तिथे वीस मिनिटं गेली. अमरावतीच्या मैदानावर पोचले तेव्हा बारा मुली लाल ट्रॅकवर सुरुवातीच्या रेषेवर उभ्या होत्या. आता प्रणालीला गाठणं शक्य नव्हतं. बंदुकीचा बार झाला. खुशालरावांचा अंगठा सवयीने घड्याळावर पडला.

इशिता पुढे, तिच्या पाठीला आकांक्षा, आणि त्यांच्या मागे दहा पावलं सोडून प्रणाली. अगदी सरांनी सांगितलं होतं तशी. दोघींना जाऊ देत होती. इतकी गुणी पोर की खुशालरावांना रडू यावं. पहिले तीनशे मीटर छप्पन्न सेकंदांत झाले. ते कुंपणाच्या कडेने वळणाकडे धावत सुटले. सत्तरीला टेकलेला माणूस, पायात चपला, मागे अमोल. ट्रॅकला अगदी लागून कुंपण होतं तिथे ते थांबले. खिशातून चिठ्ठीची नक्कल काढली आणि प्रणाली समोर आली तसे जिवाच्या आकांताने ओरडले:

"प्रणाली! चिठ्ठी चुकली! आपलं मैदान लांब हाय! फेरीले बारा मीटर लांब! मी चुकलो!"

आणि त्यांनी चिठ्ठी हात उंच करून टराटरा फाडली. आजूबाजूची माणसं पाहायला लागली. प्रणालीने एकदा मान वळवली, पण पाऊल चुकवलं नाही. पुढे गेली. काही कळलं की नाही, कुणास ठाऊक. मागून अमोलने तोंडाभोवती हात धरले आणि मूर्तिजापूरपर्यंत ऐकू जावं असा ओरडला, "तिसरी नाई! जाय पुढं! जाय!"

मुलगी शेतकऱ्याची होती. धुरा, म्हणजे शेताचा बांध, चार बोटं सरकला तर आठवडाभर भांडणारी माणसं तिने लहानपणापासून पाहिलेली. फेरीमागे बारा मीटर म्हणजे किती, हे तिला कागद-पेन्सिल घेऊन समजवावं लागत नव्हतं. समोरच्या सरळ भागात तिने खांदे सैल सोडले, आणि दहा पावलांचं अंतर आठ झालं, मग पाच. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा ती आकांक्षाच्या खांद्याशी होती. खुशालरावांनी घड्याळ पाहिलं. तीन सत्तावीस. एवढ्या वेळात त्यांच्या मैदानावर ती शेवटच्या फेरीला कधीच पोचली नव्हती.

दोनशे मीटर उरले असताना तिने आकांक्षाला मागे टाकलं. आता दुसरी. म्हणजे राष्ट्रीयला जाणार, झालं, पुरे झालं, असं खुशालराव मनात म्हणाले, आणि त्याच क्षणी तोंडाने ओरडत होते, "आणखी! आणखी!" शेवटच्या वळणावरून इशिता आणि ती बरोबरच बाहेर आल्या. सरळ भागात दोघी खांद्याला खांदा. प्रणालीचा चेहरा वाकडा झाला होता, वेणी सुटली होती, पण पाय तेच होते, रोज पहाटे फेरीमागे बारा मीटर जास्तीचे धावलेले. हातभर अंतराने तिने रेषा ओलांडली. पहिली!

चार एक्केचाळीस.

रस्त्यात येताना खुशालरावांनी नवा हिशेब करून ठेवला होता: चार त्रेचाळीस. तोही चुकला होता. सोळा वर्षांत दोन अंदाज चुकले, दोन्ही एकाच सकाळी, आणि कुंपणाला धरून ते लहान पोरासारखे हसत होते आणि रडत होते. "मायी हाय थे! मूर्तिजापूरची हाय!" असं ते शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरून सांगत होते. त्या माणसाने हात सोडवून घेतला नाही.

थोड्या वेळाने प्रणाली कुंपणापाशी आली. अजून धापा टाकत होती. "सर, खरंच बारा मीटर?"

"खरंच. काल संध्याकाळीच मोजलं. फोनवर सांगाले पायजे होतं, सांगतलं नाई. तोंड उघडलं नाई मायं."

तिने सुटलेली वेणी मागे टाकली. मग म्हणाली, "जाऊ द्या ना. जे जास्त धावली थे पायातच हाय, कोठी गेलं नाई." आणि तिने गळ्यातलं सोन्याच्या रंगाचं पदक काढून त्यांच्या स्टॉपवॉचच्या लाल दोरीवर चढवलं.

संध्याकाळी नत्थुजींच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. डबा उघडला. नत्थुजींनी खुशालरावांची चिठ्ठी हळूच बाजूला सरकवायचा प्रयत्न केला, तर ते स्वतःच गरजले, "वाचा! मोठ्यानं वाचा! इशिता, आकांक्षा, प्रणाली. साफ चुकली!" एवढ्या अभिमानाने तर बरोबर आलेली चिठ्ठीही त्यांनी कधी वाचून दाखवली नव्हती. सत्तावीस चिठ्ठ्यांत कुणाचंच बरोबर आलं नव्हतं. तळाशी एक चिठ्ठी उरली, ती रामरावांची. त्यांना धावण्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा तिन्ही जागांवर एकच नाव लिहिलं होतं: प्रणाली.

हे नियमात बसतं का यावर बराच गोंधळ झाला. शेवटी सगळे खुशालरावांकडे पाहायला लागले. ते उठले, धोतराच्या सोग्याने खुर्ची पुसली आणि रामरावांना दंडाला धरून तिच्यावर बसवलं. "या मानसाले जे दिसलं थे मले दिसलं नाई," ते म्हणाले, आणि स्वतः बाकड्यावर दाटीवाटीने बसून त्यांनी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मैदानावर खुंट्या उपटायचं काम निघालं. टेप खुशालरावांनी धरला, हातोडा अमोलने, आणि प्रणाली मागून चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ ओढत आली. क्रिकेटवाल्यांनी दोन मीटर जागा मुकाट्याने सोडली. आदल्या दिवशी ते सगळे दुकानात होते. नऊ वाजता शेवटची खुंटी बसली. तेरा टेप आणि दहा मीटर. बरोबर चारशे.

अमोलने हातोडा खाली ठेवला. मग मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेली पिशवी त्याने आणली, आणि तिच्यातून सहा वर्षांपूर्वीचे बूट काढले. तळवे कडक झाले होते, नाड्या मात्र नव्या होत्या. मातीत बसून त्याने ते घातले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि रेघेवर जाऊन उभा राहिला.

"सर," तो म्हणाला, "घड्याळ लावा. आठशे."

अमोलचं पोट सुटायला लागलं होतं, सहा वर्षं तो एका स्टुलावर बसून होता. प्रणाली त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. "किती येईन सर?" तिने हळूच विचारलं.

सोळा वर्षं लोक त्यांना हेच विचारत आले होते आणि ते सेकंदापर्यंत सांगत आले होते. त्यांनी दोरी सरळ केली. तिच्यावर अजून पदक होतं, ते घड्याळावर आपटून वाजलं.

"मले काय माहीत?" खुशालराव म्हणाले. "पाहू. त्याले धावू दे."

आणि त्यांनी बटण दाबलं.